दोन किलोमीटरवरची कविता

माउसला मी हात लावायच्या आधीच बाईंनी विचारलं, "आधी मला हे सांगा, तुमची आणि ह्यांची ओळख कुठली?"

पालम विहारमधलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर जुना असेम्बल केलेला कॉम्प्युटर. मी खुर्चीत. साळुंखे साहेब माझ्या मागे उभे, आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको सुनीता. त्यांच्या हातात ओला नॅपकिन होता. पिळून झाला होता, तरी त्या पिळतच होत्या.

"फॅक्टरीत," मी म्हणाले. "मानेसरला. तिथले कॉम्प्युटर आमची कंपनी सांभाळते."

"म्हणजे रोज भेट होते."

"नाही. महिन्यातून एखाद-दोनदा. काही बिघडलं तर."

"आणि बरंच बिघडतं का तिथे?"

"अगं, मॅडमना काम करू दे की," साळुंखे म्हणाले.

"करू दे. मी कुठे त्यांचा हात धरलाय?"

मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर चालेनासा झाला की बोलावतात ती मी. वडील भंडाऱ्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले, मी इथेच वाढले. आमची गुरुग्रामची छोटी कंपनी आहे आणि मानेसरच्या काही कारखान्यांचं एएमसी आमच्याकडे आहे. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. त्यातल्याच एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत साळुंखे सिक्युरिटी इन्चार्ज. सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. गेटवरचा कॉम्प्युटर बंद पडला की आमची गाठ पडते, आणि मराठीत बोलायला मिळतं म्हणून दोघंही दोन वाक्यं जास्त बोलतो. ओळख एवढीच.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी गेटवरचा प्रिंटर जोडत होते. साळुंखे आले, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, घरच्या कॉम्प्युटरचं काय तरी करा की. उद्या याल?"

"काय होतंय?"

"जाहिराती येतात."

"त्या सगळीकडेच येतात."

"तसल्या न्हाईत." त्यांनी गळा साफ केला. "मंडळी रविवारी गावाला निघालीत. त्याच्या आत झालं तर बरं होईल."

काही तरी गुंता आहे हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, बाईंना जाण्याआधी काही प्रिंट काढायचं असेल.

आता त्यांच्या हॉलमध्ये बसल्यावर खरी गोष्ट दिसली. दाराशी मोठी बॅग भरून ठेवलेली होती, चेन लावून. चार दिवसांसाठी कुणी एवढी बॅग भरत नाही.

मी ब्राउझर उघडला. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. सुनीताबाई गोडा मसाला करून कॅन्टोन्मेंटमधल्या मराठी घरांना विकतात, म्हणून मी सर्चमध्ये "मसाल्याचं लेबल" असं टाकलं. पान उघडायला लागलं, मध्येच पांढरं झालं, आणि भलत्याच नावाचं सर्च पान समोर आलं. त्यावर कर्जाच्या जाहिराती, रमी आणि वजन कमी करायच्या गोळ्या. लेबल कुठेच नाही.

याला रीडायरेक्ट म्हणतात. तुम्ही ऑटोवाल्याला पत्ता एक सांगता, आणि तो तुम्हाला गालिच्यांच्या दुकानासमोर उतरवतो, कारण तिथे त्याला कमिशन मिळतं. दिल्ली बघायला आलेल्या पाहुण्यांना हा अनुभव हमखास येतो. ब्राउझरमध्ये हेच करणारा प्रोग्रॅम शिरला की तुम्ही काहीही शोधा, तो तुम्हाला आपल्या दुकानात नेतो.

"हे नेहमीचं आहे," मी म्हणाले. "अर्ध्या तासात निघेल."

तेवढ्यात स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट वर आली. त्यात एका हसऱ्या बाईचा फोटो होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: कविता, दोन किलोमीटरवर. तुमची वाट बघतेय.

"आली," सुनीताबाई म्हणाल्या. आवाज एकदम शांत. "बघितलंत? आली."

साळुंखे बाल्कनीकडे बघायला लागले.

मला कळेना. मी म्हणाले, "ताई, या जाहिराती आहेत. खोटे फोटो, खोटी नावं."

"नाव खोटं नाही. ह्यांच्या ऑफिसात आहे कविता."

आणि खरंच होती. ॲडमिनच्या हेड कविता मॅडम. सगळी सिक्युरिटी त्यांच्या हाताखाली. वय पस्तिशीचं, केबिन स्वतःची, एकदा बघितलं की कुणाचंही काम कुठे अडलंय ते ओळखणार. बाई खरोखर हुशार आहे. मलाही ती फारशी आवडत नाही, आणि कारण तेच आहे. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी नोकरीला लागली, आणि आज माझ्या कामाच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, सही तिची लागते.

"घरी आले की कविता मॅडम असं म्हणाल्या, कविता मॅडमनी तसं केलं," सुनीताबाई सांगत होत्या, पण बघत नवऱ्याकडे होत्या. "जेवताना तेच. फोनवर तीच. आणि फोनवर काय हसणं! माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला नाही आठवत ह्यांनी माझ्या बोलण्यावर असं हसल्याचं. आता ती कॉम्प्युटरवर पण वाट बघते. सगळ्या दिल्लीत तिला माझंच घर सापडलं?"

"सुनीता, बास," साळुंखे म्हणाले.

"तुम्ही दही घेऊन या. संपलंय."

सुभेदार साहेब मुकाट्याने चपला घालून खाली गेले.

मी कामाला लागले. अशा वेळी कामच बरं असतं.

पहिली गोष्ट, ती चौकट. तिला नोटिफिकेशन म्हणतात. एखादी साइट उघडली की ती विचारते, तुम्हाला सूचना पाठवू का? आपण घाईत "अलाऊ" दाबतो. झालं. मग ती साइट बंद असली तरी कोपऱ्यातून डोकावत राहते. मी सेटिंग उघडून परवानगी दिलेल्या साइट बघितल्या. चित्रविचित्र नावांच्या पाच-सहा होत्या. सगळ्या ब्लॉक केल्या.

दुसरी गोष्ट, एक्स्टेन्शन. ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं अवजार. कुणी भाषांतरासाठी जोडतं, कुणी स्क्रीनचा फोटो काढायला. इथे एक होतं, निळ्या भिंगाचं चित्र असलेलं. ते काढायला गेले तर बटणच चालेना. वर ओळ होती: हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते.

"कुठली संस्था?" सुनीताबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येतं हे मला तेव्हा कळलं. "ह्यांची फॅक्टरी? म्हणजे ती तिथून बघू शकते आमचं?"

"नाही, ताई. कुणीच संस्था नाही. ऑफिसच्या मशीनवर आम्ही नियम लावतो, म्हणजे लोकांनी काढू नये ते काढता येत नाही. या प्रोग्रॅमने तीच युक्ती वापरलीय. स्वतःच नियम लावलाय की मला कुणी काढू नका."

"चोरानेच दाराला आपलं कुलूप लावावं तसं?"

"अगदी तसं."

त्या पहिल्यांदा खुर्ची ओढून बाजूला बसल्या. माझ्यावर विश्वास बसला होता असं नाही. मी नेमकं काय करते त्यावर नजर ठेवायची होती.

मी विंडोजच्या आतल्या नोंदींमधला तो नियम शोधून पुसला. मग ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांमध्ये बघितलं, कारण हे प्रोग्रॅम एकटे येत नाहीत. तिथे अपडेटचं नाव घेतलेलं एक काम लपलेलं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते जागं व्हायचं आणि काढलेलं सगळं परत बसवायचं. तेही काढलं. अँटीमालवेअर स्कॅन लावला. मालवेअर म्हणजे नुकसान करायला लिहिलेला प्रोग्रॅम. स्कॅनमध्ये आणखी थोडा कचरा निघाला, तो पुसला. रीस्टार्ट केलं.

साळुंखे दही घेऊन आले तेव्हा ब्राउझर स्वच्छ होता. मी लेबल शोधलं, लेबलच आलं. कोपऱ्यात चौकट नाही.

"बघ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम सुटला. "गेली का न्हाई?"

"हे तुमच्या नावाचं उघडलंय," सुनीताबाई म्हणाल्या. "माझ्या नावाचं उघडा."

त्या ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल होत्या, एक साहेबांची, एक सुनीताबाईंची. एकाच घरात दोघांची वेगळी कपाटं असावीत तसं. मी सुनीताबाईंची प्रोफाइल उघडली. निळं भिंग जागेवर होतं. लेबल शोधलं, तर रमी आणि कर्ज.

"गेली नाही," त्या म्हणाल्या. त्यात हळहळ नव्हती. आपलं बरोबर होतं, असा सूर होता.

साळुंखे बाल्कनीत जाऊन उभे राहिले. बाहेर फेब्रुवारीचं ऊन छान पडलं होतं, पण त्यांची पाठ थंडीत उभं राहिल्यासारखी ताठ होती.

हे कशाने होतं ते मला ठाऊक होतं. ब्राउझरमध्ये आपण आपल्या खात्याने साइन इन केलेलं असतं. मग आपलं सगळं सामान, खुणा, पासवर्ड, एक्स्टेन्शन, ब्राउझरच्या कंपनीकडे साठवलं जातं आणि आपण जिथे साइन इन करू तिथे उतरतं. याला सिंक म्हणतात. मी कॉम्प्युटर साफ केला होता, पण सुनीताबाईंच्या खात्यातून ते भिंग परत खाली आलं होतं.

म्हणजे ते मुळात त्यांच्याच खात्यात बसवलेलं होतं. साळुंख्यांच्या नाही.

मी डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. मसाल्याच्या लेबलांच्या फाइलींमध्ये एक सेटअप फाइल होती. नाव वाचून मी माउस थांबवला. दुसऱ्याच्या फोनवरचे चॅट वाचून दाखवणारा ट्रॅकर, फुकट.

मी मागे वळून बघितलं नाही. पण शेजारी नॅपकिन पिळायचा थांबल्याचं कळलं.

"ताई," मी हळूच विचारलं, "हे तुम्ही टाकलंत?"

त्या बाल्कनीकडे बघून, ओठ न हलवल्यासारखं म्हणाल्या, "ह्यांचा नंबर टाकला की सगळं दिसेल असं लिहिलं होतं. काहीच दिसलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ती यायला लागली. मला वाटलं, हेच दिसायचं होतं." नॅपकिन परत पिळला गेला. "ह्यांना सांगू नका."

आमच्या धंद्यात हा प्रसंग नवीन नाही. लोकांच्या मशीनमध्ये काय काय सापडतं ते आम्ही बोलत नाही. पण बोलावणारा नवरा, मशीन दोघांचं, आणि भरलेली बॅग दाराशी. नुसतं साफ करून निघाले असते तर बाईंच्या मनात कविता तशीच राहिली असती. उद्या दुपारी निजामुद्दीनहून गाडी होती. साताऱ्याला भाऊ घ्यायला येणार होता. त्या म्हणाल्या होत्या, परतीचं तिकीट काढलेलं नाही.

"आधी तुम्हाला एक दाखवते," मी म्हणाले. "मग बघू."

माझ्या बॅगेत एक जुना लॅपटॉप असतो. त्यात माझं काहीच नसतं. असल्या घाणीत हात घालायचा तर हातमोजा हवा, तसा तो. मी तो माझ्या फोनच्या इंटरनेटला जोडला, त्यांच्या घरच्या नाही. मघाशी ब्लॉक केलेल्या साइटपैकी एक त्यावर उघडली, आणि तिने विचारल्यावर "अलाऊ" दाबलं.

"आता बसा," मी म्हणाले. "साहेब, तुम्हीही या आत."

"काय करायचं?"

"वाट बघायची."

सुनीताबाईंनी चहा टाकला. तिघं टेबलाभोवती बसलो, मधोमध लॅपटॉप. मला आयुष्यात प्रथमच मालवेअर लवकर येत नाही म्हणून राग येत होता.

चहाचा पहिला घोट झाला आणि टिंग वाजलं. नेहा, दोन किलोमीटरवर.

"ही कोण?" सुनीताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत? लॅपटॉप मॅडमचा हाय!"

मग सिमरन आली. मग पूजा. सगळ्या दोन किलोमीटरवर, सगळ्या एकट्या, सगळ्या वाट बघणाऱ्या. सिमरन आणि नेहाचा फोटो तर एकच होता. मी दाखवलं. म्हणाले, "यांच्याकडे नावांची एक भलीमोठी थप्पी असते, इकडची कॉमन नावं. एकेक टाकत राहतात. कुणाला ना कुणाला ओळखीचं नाव लागतंच. ताई, तुमच्याकडे एवढे दिवस फक्त कविता येत होती का?"

त्या विचारात पडल्या. "दुसऱ्या पण यायच्या," शेवटी म्हणाल्या. "त्यांच्याकडे मी बघितलं नाही."

पुढची टिंग कविताची होती. तिघंही वाकलो. तोच हसरा चेहरा, तेच अंतर. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या इंटरनेटवर, ज्याला साळुंख्यांचा पत्ता माहीत असण्याचं काही कारण नाही.

सुनीताबाईंनी फोटो नीट निरखला. "ऑफिसातली अशी दिसते का?" त्यांनी मला विचारलं. नवऱ्याला नाही.

"नाही. ती सावळी आहे, केस आखूड."

"दिसायला?"

मी उत्तर द्यायच्या आत पुन्हा टिंग झालं, आणि मी सुटले. साळुंख्यांनी चष्मा वर करून वाचायला सुरुवात केली. शाळेत मुलं वाचतात तसं, एकेक शब्द लावत, मोठ्याने.

"सुनीता. दोन किलोमीटरवर. सुनीता... वॉन्ट्स... टू टॉक टू यू."

ते थांबले. स्क्रीनवरून नजर उचलून बायकोकडे बघितलं. म्हणाले, "सुनीताला तुमच्याशी बोलायचं आहे."

"कळतं मला इंग्रजी," त्या म्हणाल्या. आणि तोंडावर नॅपकिन धरला. मला आधी वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग थोडं रडल्याही.

मी लॅपटॉप बंद केला. माझ्या दृष्टीने केस संपली होती. पण साळुंखे जुने सिक्युरिटीवाले. कुंपणाला भोक दिसलं की ते कुणी पाडलं हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"पण मॅडम, हे आत आलं कसं? कुणी तरी टाकल्याशिवाय येत न्हाई ना?"

"असले प्रोग्रॅम दुसऱ्या कशाच्या तरी पाठीवर बसून येतात," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"बरोबर. पण कशाच्या?"

मी कपबशी उचलून बाजूला ठेवली. डोक्यात वाक्य जुळवत होते. त्यांचा मुलगा आधी या कॉम्प्युटरवर अभ्यास करायचा, आता पुण्याला शिकतो. त्याच्या नावावर घालणं सोपं होतं. पण मी तसं म्हटलं असतं तर त्या रात्री पोराला फोन गेला असता, तेही सुभेदाराचा.

"मी टाकलं," सुनीताबाई म्हणाल्या.

साळुंख्यांनी मान वळवली.

"तुमचे चॅट वाचता येतील असं काही तरी होतं. ते घेतलं. त्याच्याबरोबर ही घाण आली."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण कॉम्प्युटरवर दुसऱ्यांदा लावलेला स्कॅन चालू होता आणि मशीन असं अर्धवट सोडता येत नाही. मी स्क्रीनकडे बघत बसले. टक्के वाढत होते.

"माझे चॅट?" साळुंखे म्हणाले. "माझा फोन तर रात्रभर तुझ्या उशाशी चार्जिंगला असतो. मागायचा होतास."

"मागून कोण देतं? आणि मागितला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, संशयी आहेस. आहे मी. तुम्ही फोनवर तिच्याशी हसता, अहो. माझ्याशी बोलताना कधी हसता का?"

साळुंख्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी तिथे आहे हे मान्य करूनच बोलल्यासारखं बोलले.

"ती इंग्रजी बोलते. फाडफाड. मला अर्धं कळत न्हाई. हेडक्वार्टरला रिपोर्ट पाठवा, मेलमध्ये अमुक मार्क करा, एक्सेलमध्ये तमुक भरा. काही कळलं न्हाई की मी हसतो. काय करणार? तिला वाटतं समजलं."

"म्हणजे तुम्हाला हसू येत नाही?"

"घाम येतो."

सुनीताबाई म्हणाल्या, "मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? जवानांची आख्खी तुकडी चालवली आणि आता एक मेल लिहिता येत न्हाई म्हणून?" त्यांचा आवाज जरा चढला, मग उतरला. "ती हुशार आहे असं म्हणतो ते त्यासाठी. तिला येतं, मला येत न्हाई."

"तीन वेळा म्हणालात कालच्या जेवणात."

"परत न्हाई म्हणणार."

स्कॅन संपला. मी सुनीताबाईंच्या खात्याचं सिंक बंद केलं, तिथून भिंग काढलं, कंपनीकडे साठवलेली प्रत पुसली, मग सिंक पुन्हा चालू केलं. या वेळी भिंग परत आलं नाही. राउटर तपासला, म्हणजे इंटरनेटचा डबा. कधी कधी हे लोक तिथेच पत्ते बदलून ठेवतात. तो ठीक होता. मग दोघांना समोर बसवून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलायला लावले. जो प्रोग्रॅम नवऱ्याचे चॅट दाखवतो म्हणून येतो, तो प्रत्यक्षात आणणाऱ्याचेच पासवर्ड बघत असू शकतो. हे ऐकून सुनीताबाईंचा चेहरा पडला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा साळुंख्यांनी बायकोकडे पाठ केली नाही, तिच्या देखत टाइप केला. एका बोटाने.

निघताना सुनीताबाईंनी मसाल्याचं पाकीट माझ्या बॅगेत घातलं. दारापर्यंत आल्या. "वैशालीताई, तुमचे मिस्टर काय करतात?"

"बँकेत आहेत."

"तुम्ही अशा कुणाच्या पण घरी जाता, त्यांना चालतं?"

"चालतं."

"विचारत नाहीत काही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला बॅगेची चेन नीट करावी लागली.

मेट्रोने घरी आले. सुधीर, माझा नवरा, मॅच बघत होता. मी म्हणाले, "एका क्लायंटच्या घरी गेले होते, पालम विहारला."

"अच्छा."

"फॅक्टरीतले सिक्युरिटी इन्चार्ज आहेत. एकदम हॅण्डसम माणूस आहे, मिशीवाला."

"अच्छा. भाजी गरम करू का तुझी?"

त्याने उठून भाजी गरम केली, पोळी शेकून दिली. माणूस चांगला आहे. इतक्या वर्षांत माझा फोन त्याने हातात धरलेला नाही, आणि मैत्रिणींना मी हे अभिमानाने सांगत आलेय. त्या संध्याकाळी मात्र पोळी खाताना मला सुनीताबाईंचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त साळुंख्यांचा. आपल्या हसण्याचा कुणी एवढा हिशेब ठेवावा! ती बाई मूर्खपणा करून बसली होती, घर मोडायला निघाली होती, हे मला पुरतं कळत होतं. तरी वाटला. मी सुधीरला म्हणाले, "विचार ना मला काही तरी." तो म्हणाला, "काय?" मला सुचेना. म्हणाले, "मीठ हवंय."

सोमवारी सुनीताबाईंचा फोन आला. नवा पासवर्ड मसाल्याच्या मेलमध्ये कुठे टाकायचा ते विचारायला. सांगितलं. मग मी विचारलं, "गावाला नाही गेलात?"

"गाडी सोडली काल. पुढच्या महिन्यात दोघं जाऊ म्हणतात. बघू." मग जरा थांबून, "आणि हो, ताई, राग मानू नका. तुमचा नंबर ह्यांच्या फोनमधून काढून टाकलाय. कॉम्प्युटरला काही झालं तर मीच फोन करीन."

"चलेगा," मी म्हणाले. काय म्हणणार?

त्यानंतर फॅक्टरीत साळुंखे भेटतात तेव्हा लांबूनच सॅल्यूटसारखा हात करतात. गेटवरच्या प्रिंटरचं रडगाणं आता त्यांचा असिस्टंट सांगतो.

मध्ये एकदा कविता मॅडमच्या केबिनमध्ये त्यांचा स्कॅनर बघायला गेले होते. मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, "साळुंखे जी के मेल आजकल कमाल के आते हैं. स्पेलिंग सही, पॉइंट टु पॉइंट. कहते हैं शाम को घर पे प्रॅक्टिस करते हैं, वाइफ सिखाती हैं."

"अच्छा है," मी म्हणाले.

"बस एक बात समझ नहीं आती." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. महिन्याच्या रिपोर्टचं मेल होतं. नेटकं, चार ओळींचं, एकही चूक नाही. सुरुवात होती: रिस्पेक्टेड कविता सिस्टर.

"हर मेल में," मॅडम म्हणाल्या. "पूरे ऑफिस में मुझे सिस्टर कोई नहीं बोलता."

मी स्कॅनरची वायर काढून परत लावली. अनोळखी साइटने काही विचारलं तर "ब्लॉक" दाबायचं, फुकट मिळणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर घरात आणायचं नाही, आणि ब्राउझरने आपल्याला नसलेली संस्था दाखवली की माझ्यासारखीला बोलवायचं, हे मी सगळ्यांना सांगते. ते सिस्टर कुणी टाइप केलं, हे मॅडमना सांगणं आमच्या एएमसीमध्ये येत नाही.